परदेशाची वाट की नवे वतन?

धरणगाव तालुक्यातील आमच्या वस्त्यांतून हल्ली एक नवा मध्यस्थ फिरू लागला आहे. पूर्वी मुकादम येत असे. तो उचल देऊन माणसे घेऊन जाई आणि मग वर्षानुवर्षे ती उचल फिटत नसे. आजचा मध्यस्थ त्याच्याही पुढे गेला आहे. तो उचल देत नाही, घेतो. दुबई, कतार, कुवेत, सौदी अरेबिया, अलीकडे जर्मनी आणि इस्रायल, अशी नावे तो सांगतो. मोबाईलवर उंच इमारतींची चित्रे दाखवितो. आणि दोन-तीन लाख रुपये आधी मोजा, व्हिसा पंधरा दिवसांत हातात, असे आश्वासन देतो. ज्या घरात दोन पिढ्यांत कोणी नियमित पगार पाहिला नाही, त्या घरातील बावीस वर्षांचा मुलगा हे ऐकून रात्रभर जागा राहतो, यात नवल नाही. नवल याचे वाटते की, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब पैन् पै तपासणारी आमची वडीलधारी मंडळी या व्यवहाराचा एकही कागद न वाचता घरातील सोने मोडून देतात.

हा लेख कोणाला परदेशी जाण्यापासून परावृत्त करण्यासाठी लिहिलेला नाही. ज्याला जाता येईल त्याने अवश्य जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. माझे म्हणणे एवढेच की, जायचे तर स्वतंत्र नागरिक म्हणून, वाचलेला करार हातात घेऊन जावे. कर्जाचे ओझे आणि न वाचलेला कागद घेऊन जो जातो त्याचा देश बदलतो, पण ज्या वतनातून त्याच्या आजोबांनी सुटका करून घेतली तेच वतन तो नव्याने पत्करतो.

प्रथम हक्काचा विचार करू. समुद्र ओलांडणे हे पातक आहे, असे या देशातील धर्मशास्त्राने शतकानुशतके शिकविले. श्राद्धाच्या पंक्तीला कोणाला बसवू नये याची जी यादी मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे, तीत समुद्रप्रवास करणारा मनुष्यही आहे. १८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाले तेव्हा त्यांच्या मोढ वाणी जातीच्या पंचांनी त्यांना वाळीत टाकले. वरच्या म्हणविणाऱ्या जातीची ही कथा, तर ज्यांना गावातील पाणवठाही ओलांडता येत नव्हता त्यांनी समुद्राचे स्वप्न कोठून पाहावे? तरीही १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपण त्या शास्त्रांचे जोखड उतरवून ठेवले. तेव्हा त्यांची बंदीही त्याच दिवशी गळून पडली.

कायद्याची साक्षही आपल्याच बाजूची आहे. १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. तोवर पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. या निर्णयानंतर त्याच वर्षी सरकारला पासपोर्टचा कायदा करावा लागला. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, हा हक्क काढून घेण्याची रीत न्याय्य व वाजवी असली पाहिजे. तेव्हा परदेशगमन ही कोणा मध्यस्थाने केलेली कृपा नव्हे. आपल्या खिशात असलेला हक्क आपल्यालाच तीन लाखांना विकणारा मनुष्य व्यापारी नव्हे, तो लुटारू आहे.

आता आपल्यातीलच काही मंडळींच्या आक्षेपाकडे वळतो. ते म्हणतात, “बाबासाहेब शिकून परत आले, तुम्ही मात्र समाज टाकून चाललात.” हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण तो टिकणारा नाही. बाबासाहेब एकदा नव्हे, दोनदा गेले. पहिल्या खेपेस लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, म्हणून १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२३ पर्यंत डी.एस्सी. व बॅरिस्टर झाले. शिवाय पहिल्या खेपेस ते गेले ते करार करून. बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती किती, मुदत किती आणि त्याबदली दहा वर्षे संस्थानाची नोकरी, हे सर्व कागदावर होते. तो करार पाळण्यासाठी ते १९१७ साली बडोद्यास हजर झाले. बडोद्याने काय केले? या विद्वानाला त्या शहरात राहायला एक खोली मिळाली नाही.

आमच्या खानदेशाने तरी काय केले? १९२९ साली सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब इकडे आले होते. धुळे लाईनीवरील एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावी उतरले. स्टेशनापासून महारवाडा काही लांब नव्हता, पण अस्पृश्याला टांग्यात बसवून नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आपल्याच वस्तीतील एका नवख्या माणसाने तो हाकला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्यांचा त्या टांगेवाल्यावर काडीचा परिणाम झाला नाही. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि त्या लहानशा आत्मकथनाचे नावच ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ या अर्थाचे आहे. ज्या गावाने असे वागविले त्याच गावात खितपत राहणे हीच समाजनिष्ठा, असे बाबासाहेबांनी कधीही सांगितले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्यांच्या गौरवगीतांचा जो समाचार घेतला तो सर्वश्रुत आहे. धरणगावच्या स्टेशनातून तापी खोऱ्याच्या गाडीने आमची कितीतरी कुटुंबे सुरतेस आणि उधन्यास मागाच्या कारखान्यांत गेली. त्यांना कोणी समाजद्रोही म्हटले नाही. मग सुरतेऐवजी दोह्याला जाणाऱ्यालाच दोष का?

तेव्हा जाण्याचा प्रश्न मिटला. कसे जायचे हा प्रश्न उरतो, आणि माझा खरा वाद तेथेच आहे.

महार वतन म्हणजे काय होते, हे नव्या पिढीने आपल्या आजोबांना विचारावे. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेले हे काम होते. कामाला वेळेची मर्यादा नव्हती. पाटलाचा वा तलाठ्याचा निरोप रात्री आला तर रात्री निघावे लागे. वेतन ठरलेले नव्हते; बलुत्याच्या चार पेंढ्या आणि जमिनीचा एक तुकडा एवढ्यावर भागवावे लागे. बाप आजारी पडला तर मुलाने जावे, मुलगा नसेल तर घरातील बाईने जावे. जमिनीचा तो तुकडा हे आमिष होते आणि त्या आमिषाने सगळे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या बांधले गेले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली. तीस वर्षांच्या झगड्याने ही बेडी तुटली आहे.

आता मध्यस्थाच्या कागदाकडे पाहा. काम कोणते ते स्पष्ट लिहिलेले नाही. तास लिहिलेले नाहीत. पगाराचा आकडा तोंडी एक आणि कागदावर दुसरा. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. घरी कर्ज, ते फिटेपर्यंत परत येता येत नाही. मुलगा तिकडे राबतो आणि बाप इकडे सावकाराच्या दारात उभा राहतो. पाटलाच्या चावडीऐवजी परदेशी कंपनीचे आवार आले, एवढाच काय तो फरक. याला वतन म्हणू नये तर काय म्हणावे?

हा प्रकार नवाही नाही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी मॉरिशसच्या किनाऱ्यावर करारबद्ध हिंदी मजुरांची पहिली तुकडी उतरली. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे त्या एका बेटावर गेली. त्यांत आपले मराठी लोकही होते. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचा उच्चार त्या मजुरांना येईना, म्हणून त्याचे ‘गिरमिट’ झाले. ज्या कागदावर त्यांनी अंगठा उठविला तो त्यांना वाचता येत नव्हता. आमची मुले आज दहावी-बारावी, आय.टी.आय. होऊन बसली आहेत. ज्याला वाचता येते त्याने न वाचता सही केली, तर त्या निरक्षर गिरमिटियापेक्षा त्याचा अपराध मोठा नव्हे काय?

माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणाची हकीकत सांगतो. मुलगा वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला. मध्यस्थाने त्याला वीजकामाची नोकरी सांगितली आणि फिरण्याच्या व्हिसावर धाडले; पोहोचल्यावर कामाचा व्हिसा होईल, असे आश्वासन दिले. पोहोचल्यावर गोदामात ओझी उचलण्याचे काम मिळाले, पासपोर्ट काढून घेतला गेला, आणि ठरलेल्या पगाराच्या निम्मीही रक्कम हाती आली नाही. सात महिन्यांनी तो कसाबसा परतला. वडिलांनी पैसे उभे केले होते ते जुन्या वतनाची दोन एकर जमीन एका विनापरवाना सावकाराला स्टँप कागदावर लिहून देऊन. मध्यस्थाला दिलेल्या रकमेची पावती नव्हती. त्याचा नोंदणी क्रमांक कोणी विचारला नव्हता, कारण तो ओळखीचा होता.

या एका प्रकरणात किती ठिकाणी कायदा मोडला गेला ते पाहा. १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे सरकारी नोंदणी असल्याशिवाय कोणालाही परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करता येत नाहीत. नोंदणी असलेल्यालाही सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील कर एवढेच घेता येतात, आणि त्याची पावती द्यावी लागते. मग लाखाचे आकडे येतात कोठून? पासपोर्टच्या कायद्याचे १७ वे कलम म्हणते की, पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता आहे. जी वस्तू आपल्या स्वतःच्याही मालकीची नाही ती परदेशी मालकाच्या कपाटात कोणत्या अधिकाराने राहते? खोटे आमिष दाखवून पैसे उकळणे ही भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली फसवणूक आहे. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळविण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. आणि जुन्या वतनाची जमीन? ती नव्या शर्तीची आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिचे हस्तांतर होत नाही. ज्या तुकड्यासाठी आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या राबणूक केली, तो तुकडा एका व्हिसाच्या आशेवर गमावणे याला धाडस म्हणत नाहीत.

येथे आणखी एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. आखाती देश, मलेशिया इत्यादी १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर सरकारी परवान्याची अट असते. त्याचा करार तपासला जातो, आणि त्याला प्रवासी भारतीय विमा सक्तीने काढावा लागतो. दोन वर्षांसाठी २७५ रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यू वा अपंगत्वास १० लाखांचे संरक्षण त्यात मिळते. दहावी झालेल्याला ही अट नाही. म्हणजे आम्ही मुलांना शिकविले, आणि शिकल्यामुळे ती या तपासणीच्या बाहेर गेली. सरकारचे गृहीत असे की शिकलेला स्वतःचे हित स्वतः पाहील. ते गृहीत खरे ठरविण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीस आग लागून ४५ भारतीय मृत्युमुखी पडले. करारात पगाराइतकेच निवाऱ्याचे आणि विम्याचे कलम का पाहावे, हे त्या दिवसाने शिकविले आहे.

काही मध्यस्थ आता सरकारचेच नाव पुढे करतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, ही गोष्ट खरी आहे. परंतु तो करार दोन शासनांमधील आहे. तो कोणाच्याही मुलाचे नेमणूकपत्र नव्हे. त्या देशात परिचारिका वा वीजतंत्री म्हणून उभे राहायचे तर जर्मन भाषेची परीक्षा आणि आपल्या प्रमाणपत्राची तेथील मान्यता, या दोन पायऱ्या चढाव्याच लागतात. भाषा न शिकविता जर्मनी दाखविणारा मनुष्य खोटे बोलत आहे, हे निश्चित समजावे. आणि आडवाटेने जाणाऱ्यांचे काय होते ते साऱ्या देशाने पाहिले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांना हातकड्या घालून आणले होते. ज्यांनी जमिनी विकून ती वाट धरली होती त्यांच्या हाती शेवटी काय उरले? खोट्या कागदावर प्रवास करणे हे कायद्याने अपराध आहेच; पण ज्यांनी खोटे न बोलण्याचे शील घेतले आहे, त्यांच्या दृष्टीने ते त्याहून अधिक काही आहे.

आता दुसऱ्या एका भ्रमाविषयी. तिकडे गेले की जात सुटते, असे अनेक तरुण समजतात. १९१६ साली न्यूयॉर्क येथे वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात बाबासाहेबांनी केतकरांचा हवाला देऊन सांगितले होते की, हिंदू जगभर पसरले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. तसेच घडले. इंग्लंडमध्ये एका भारतीय कुटुंबाने बिहारमधून घरकामास नेलेल्या आदिवासी स्त्रीला वर्षानुवर्षे तुटपुंज्या मोबदल्यावर राबविले. २०१५ साली तेथील कामगार न्यायाधिकरणाने तिला थकलेल्या वेतनापोटी १ लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम देवविली. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक मात्र तेथील गव्हर्नरांनी नामंजूर केले. इंग्लंडच्या सरकारनेही जातीविषयी स्पष्ट कायदा करण्याचा विचार २०१८ साली सोडून दिला. यावरून दोन गोष्टी कळतात. तुमचे आडनाव विचारणारा गृहस्थ त्याच विमानातून तुमच्याबरोबर प्रवास करीत असतो, ही एक. आणि जो उभा राहून दाद मागतो त्याला परदेशातही न्याय मिळू शकतो, ही दुसरी. म्हणून तिकडे जाऊन आडनाव लपविण्यापेक्षा तेथील कामगार कायदा शिकावा.

तर मग काय करावे? पहिली गोष्ट, मध्यस्थाचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. दुसरी, करार आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागावा. काम, तास, पगार, निवारा, परतीचे भाडे आणि मुदत, ही सहा कलमे त्यात नसतील तर सही करू नये. तिसरी, फिरण्याच्या व्हिसावर नोकरीस जाऊ नये. चौथी, पैसा बँकेतूनच द्यावा आणि पावती घ्यावी. पाचवी, जमीन गहाण टाकू नये. सहावी, घरातील स्त्रीने तो करार वाचल्याशिवाय तिच्या अंगावरचे सोने मोडू नये. कर्ज फेडण्याचा भार शेवटी तिच्यावरच पडतो. सातवी, करार, पासपोर्ट व व्हिसा यांच्या प्रती घरी ठेवाव्या आणि त्या देशातील भारतीय वकिलातीचा पत्ता मुलाने सोबत न्यावा. संकटात सापडलेल्या भारतीयांना मदत व्हावी म्हणून वकिलातींकडे २००९ पासून कल्याण निधी आहे. त्याचा उपयोग तक्रार करणाऱ्यालाच होतो.

मजुरीखेरीज दुसरी वाटही आहे, तिचाही विचार व्हावा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी केंद्राची शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या ७५ मुलामुलींची निवड होते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला, त्यामुळे धर्मांतराने हा हक्क गेला असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. पदवीधर मुलाला गोदामात पाठविण्यासाठी तीन लाख जमविणाऱ्या बापाने या अर्जाची चौकशी एकदा तरी केली आहे काय?

सरकारलाही विचारले पाहिजे. केरळने परदेशस्थ केरळीयांसाठी १९९६ साली स्वतंत्र खाते उभारले. आमच्या जळगाव जिल्ह्यातील मनुष्याला मात्र परदेशगमन संरक्षकाचे कार्यालय मुंबईस आहे, हेही ठाऊक नसते. तालुक्याच्या ठिकाणी, निदान जिल्ह्याच्या ठिकाणी, करार तपासून देणारा आणि नोंदणी नसलेल्या मध्यस्थावर फिर्याद दाखल करणारा अधिकारी असलाच पाहिजे. ही मागणी प्रत्येक ग्रामसभेतून लेखी गेली पाहिजे.

परंतु सरकार जागे होईपर्यंत आपण थांबण्याचे कारण नाही. आपल्या वस्तीत विहार आहे. तेथे पंधरवड्यातून एक संध्याकाळ केवळ कागद वाचण्यासाठी ठेवावी. शिक्षक, वकील, बँकेतील नोकर, परदेशातून परतलेली माणसे यांनी तेथे बसावे. ज्याच्या घरी मध्यस्थ येऊन गेला असेल त्याने त्याचा कागद तेथे आणावा, आणि मध्यस्थाला तेथेच बोलवावे. चार माणसांसमोर करार वाचून दाखविण्यास जो तयार होणार नाही, त्याच्या हाती आपला मुलगा देऊ नये. जो तयार होईल त्याचा कागद नीट तपासावा, आणि तो खरा ठरल्यास मुलाला आनंदाने स्टेशनापर्यंत पोहोचवून यावे.

जय भीम.